डोकं चालवायचं की नुसती सही करायची? अमेरिकेतल्या इलेक्टरांचा प्रश्न

अमेरिकेची निवडणूक नोव्हेंबरात होते, रात्रभर टीव्हीवर लाल-निळे नकाशे चालतात आणि सकाळपर्यंत राष्ट्राध्यक्ष कोण ते कळतं. कायद्याने पाहिलं तर त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष निवडलाच जात नाही. निवडली जातात ती ५३८ माणसं, आणि त्यांतल्या बहुतेकांची नावं मतदारांनी कधी ऐकलेलीही नसतात. डिसेंबरच्या मध्याला ही माणसं आपापल्या राज्यात, बहुधा राजधानीच्या विधानभवनात जमतात, कागदावर मत देतात, सह्या करतात. ते कागद वॉशिंग्टनला जातात आणि ६ जानेवारीला काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, संयुक्त बैठकीत मोजले जातात. राष्ट्राध्यक्ष ठरतो तो इथे. या ५३८ जणांना इलेक्टर म्हणतात आणि सगळ्यांना मिळून इलेक्टोरल कॉलेज. नावात कॉलेज असलं तरी हे सगळे कधीच एका छताखाली येत नाहीत.

समजा, एका उमेदवाराच्या नावावर निवडून आलेल्या इलेक्टरने डिसेंबरात भलत्यालाच मत दिलं, तर? त्याला तो अधिकार आहे का? आणि नसेल, तर या कामाला माणूस हवाच कशाला, नुसता आकडा पुरला असता की! हा वाद अमेरिकेत सव्वादोनशे वर्षं लोंबकळत होता. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने तो बऱ्यापैकी मिटवला. राज्याला वाटलं तर ते इलेक्टरला त्याच्या शब्दाला बांधून ठेवू शकतं, असा तो निकाल. मला निकाल पटतो. कोर्टाने दिलेलं कारण मात्र अर्धंच पटतं.

आधी आकडे. प्रत्येक राज्याला त्याचे प्रतिनिधिगृहातले सदस्य अधिक दोन सिनेटर इतके इलेक्टर मिळतात. ४३५ अधिक १००, आणि राजधानी वॉशिंग्टन डी.सी.ला १९६१ च्या घटनादुरुस्तीने मिळालेले ३. झाले ५३८. जिंकायला २७० लागतात. कॅलिफोर्नियाकडे सध्या ५४ आहेत, वायोमिंगकडे ३. मेन आणि नेब्रास्का सोडले तर सगळीकडे ज्याला एक मत जास्त त्याच्या पदरात राज्यातले सगळे इलेक्टर.

ही माणसं ठरवतो पक्ष. प्रत्येक राज्यात प्रत्येक पक्ष आपली यादी आधीच तयार ठेवतो. जुने निष्ठावान कार्यकर्ते, जिल्ह्याचे पदाधिकारी, एखादे माजी महापौर. कधी मोठी नावंही असतात. २०२० मध्ये बिल आणि हिलरी क्लिंटन दोघेही न्यूयॉर्कचे इलेक्टर होते. विद्यमान सिनेटर, प्रतिनिधी किंवा केंद्र सरकारातला अधिकारी इलेक्टर होऊ शकत नाही, अशी घटनेची अट. बहुतेक राज्यांत मतपत्रिकेवर इलेक्टरांची नावं छापतही नाहीत. मतदार हॅरिस किंवा ट्रम्प यांच्या नावापुढे खूण करतो आणि त्यातून त्या पक्षाची अख्खी यादी निवडून येते. पुढे जे काही म्हणायचं आहे ते या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून ती लक्षात ठेवा.

घटना लिहिणाऱ्यांच्या डोक्यात मात्र वेगळंच होतं. १७८८ मध्ये घटनेच्या समर्थनार्थ लेखमाला चालू असताना अलेक्झांडर हॅमिल्टनने ही पद्धत समजावून सांगितली. लोकांनी आपल्यातली जाणती, विवेकी माणसं निवडावीत, आणि राष्ट्राध्यक्षपदाला कोण लायक आहे हे त्यांनी शांतपणे पारखावं. त्यांना एकत्र जमवायचं नाही, आपापल्या राज्यातच मत द्यायला लावायचं, म्हणजे कट करायला, विकत घ्यायला, परकीय सत्तेला डाव टाकायला जागा उरणार नाही. कल्पना चांगली होती, पण ती घटनेच्या मजकुरात उतरलीच नाही. मजकुरात आहे ते एवढंच: राज्याचं विधिमंडळ सांगेल त्या पद्धतीने राज्याने इलेक्टर नेमावेत आणि इलेक्टरांनी मतपत्रिकेने मत द्यावं. मनाने द्यावं की सांगितल्याप्रमाणे, याबद्दल एक अक्षर नाही.

मग पक्ष आले आणि जाणत्या माणसांची पंगत उठली. १७९६ मध्ये पेनसिल्व्हेनियात सॅम्युएल माइल्स नावाचा इलेक्टर फेडरलिस्ट पक्षाच्या यादीतून निवडून आला. जॉन ॲडम्सला मत द्यायचं सोडून त्याने थॉमस जेफरसनला दिलं. त्यावर एका मतदाराने वर्तमानपत्रात चिडून पत्र लिहिलं, ते आजही उद्धृत होतं: ॲडम्स की जेफरसन हे माझ्यासाठी ठरवायला मी माइल्सला निवडतो का? नाही! मी त्याला कृती करायला निवडतो, विचार करायला नव्हे. घटना लागू होऊन दहा वर्षंही झाली नव्हती, आणि सामान्य मतदाराच्या लेखी इलेक्टर निरोप्या झाला होता.

चारच वर्षांनी हे आणखी स्पष्ट झालं, तेही भलत्या मार्गाने. तेव्हा प्रत्येक इलेक्टरला दोन मतं असत, त्यातलं कुठलं राष्ट्राध्यक्षाचं आणि कुठलं उपराष्ट्राध्यक्षाचं हे वेगळं लिहायची सोय नव्हती. जेफरसनच्या पक्षाचे ७३ इलेक्टर इतके शिस्तीचे निघाले की त्यांनी एकजात जेफरसन आणि त्याचा जोडीदार आरन बर यांना मत दिलं. दोघांची ७३-७३ अशी बरोबरी झाली. प्रतिनिधिगृहात ३६ वेळा मतदान झालं तेव्हा कुठे जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाला. पुढे १८०४ ची बारावी घटनादुरुस्ती आली आणि दोन पदांची मतं वेगळी झाली. म्हणजे घटना दुरुस्त करावी लागली ती इलेक्टर फार स्वतंत्र होते म्हणून नाही, फार आज्ञाधारक होते म्हणून. त्यांना मोकळीक असावी अशी इच्छा असती तर ते लिहायची हीच वेळ होती. कुणी लिहिलं नाही.

तरी अधूनमधून कुणी ना कुणी फुटत राहिलं. १८२० मध्ये न्यू हॅम्पशायरच्या विल्यम प्लमरने जेम्स मन्रोला नकार दिला म्हणून मन्रोला २३२ पैकी २३१ मतं मिळाली. १८३६ मध्ये व्हर्जिनियाच्या सगळ्या २३ इलेक्टरांनी उपराष्ट्राध्यक्षपदाच्या रिचर्ड जॉन्सनला मत नाकारलं. एका गुलाम स्त्रीशी त्याने उघडपणे संसार केला होता, हा त्यांचा राग. जॉन्सनला एक मत कमी पडलं आणि निवड सिनेटकडे गेली. १९७२ मध्ये व्हर्जिनियाच्याच एका रिपब्लिकन इलेक्टरने निक्सनला सोडून लिबर्टेरियन पक्षाला मत दिलं. त्यामुळे त्या पक्षाची उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवार टोनी नेथन ही इलेक्टोरल मत मिळालेली पहिली स्त्री ठरली. १९८८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या एका इलेक्टरने डुकाकिस आणि बेंटसन या डेमोक्रॅटिक जोडीची पदं उलटसुलट लिहिली, तीही मुद्दाम. २००४ मध्ये मिनेसोटात राष्ट्राध्यक्षपदासाठी एका चिठ्ठीवर ‘जॉन एवर्ड्स’ असं नाव निघालं. एडवर्ड्स हा उपराष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार, आणि त्याचंही नाव चुकलेलं! मतदान गुप्त होतं आणि चिठ्ठी माझी असं म्हणायला कुणी पुढे आलं नाही. मिनेसोटाने पुढे कायदाच बदलला.

सुप्रीम कोर्टाच्या हिशोबाप्रमाणे, इतिहासातल्या २३,००० हून जास्त इलेक्टोरल मतांपैकी फुटलेली मतं सुमारे १८०. त्यातली एकतृतीयांशाहून अधिक एकट्या १८७२ ची, आणि त्या वर्षी तर उमेदवारच मेला होता. त्याच्याकडे शेवटी येतो. निकाल फिरला असं मात्र एकदाही घडलं नाही.

२०१६ साली काही जणांनी तो मुद्दाम फिरवायचा प्रयत्न केला. बेत मोठा गमतीचा होता. ट्रम्प यांच्याकडे ३०६ इलेक्टर, क्लिंटनकडे २३२. ट्रम्प यांचे ३७ इलेक्टर बाजूला झाले तर ते २६९ वर येतात, बहुमत हुकतं. बहुमत कुणालाच नसलं की निवड प्रतिनिधिगृहाकडे जाते. तिथे इलेक्टोरल मतांतल्या पहिल्या तिघांतून निवडायचं असतं आणि प्रत्येक राज्याला एकच मत. सभागृहात रिपब्लिकनांचं बळ होतं, तेव्हा क्लिंटन येणं शक्यच नव्हतं. म्हणून तिसऱ्या क्रमांकावर कुणी तरी ‘बरा’ रिपब्लिकन हवा होता. ओहायोचे गव्हर्नर जॉन केसिक, नाही तर माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल. त्यासाठी डेमोक्रॅटिक इलेक्टरांनीच आधी क्लिंटनला सोडून रिपब्लिकनाला मत द्यायचं, म्हणजे पलीकडच्यांना धीर येईल. या मंडळींनी स्वतःला ‘हॅमिल्टन इलेक्टर्स’ म्हणवून घेतलं.

१९ डिसेंबर २०१६ ला मतदान झालं. कोलोरॅडोत एका इलेक्टरने छापील मतपत्रिकेवरचं हिलरी क्लिंटन हे नाव खोडलं आणि हाताने जॉन केसिक लिहिलं. निवडणुकीचे प्रमुख असलेल्या राज्यसचिवांनी ते मत मोजलं नाही, त्याला तिथल्या तिथे पदावरून काढलं, बदली इलेक्टर घेतला आणि त्याच्याकडून क्लिंटनना मत घेतलं. वॉशिंग्टन राज्यात चौघे फुटले. तिघांनी पॉवेलना दिलं, चौथ्याने फेथ स्पॉटेड ईगल या मूलनिवासी नेत्या स्त्रीला. तिथे मतं मोजली गेली, पण चौघांना प्रत्येकी १,००० डॉलर दंड झाला. तो दंडाचा कायदाही एका फुटीतूनच आला होता. १९७६ मध्ये तिथल्या एका इलेक्टरने फोर्डऐवजी रेगनला मत दिलं होतं, म्हणून पुढच्या वर्षी तो केला गेला. बाकी देशात हवाईमधलं एक मत बर्नी सँडर्सना गेलं, आणि टेक्सासमध्ये दोघांनी ट्रम्पना सोडलं. अंतिम आकडा ३०४ विरुद्ध २२७. बंड ट्रम्पविरुद्ध होतं, आणि त्यांची मतं कमी झाली दोन, क्लिंटनची पाच!

दंडाविरुद्ध आणि हकालपट्टीविरुद्ध खटले झाले. वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दंड योग्य ठरवला, तर कोलोरॅडोच्या प्रकरणात केंद्रीय अपील न्यायालयाने नेमकं उलट सांगितलं. मग देशाच्या सुप्रीम कोर्टाला हात घालणं भाग पडलं. मे २०२० मध्ये, कोरोनामुळे फोनवरून, सुनावणी झाली. इलेक्टरांच्या बाजूने हार्वर्डचे लॉरेन्स लेसिग होते. त्यांचा मुद्दा सरळ होता. घटना ‘मत’ म्हणते, ‘मतपत्रिका’ म्हणते. ज्यात निवडच नाही त्याला मत कसं म्हणायचं? राज्याला इलेक्टर नेमायचा अधिकार आहे, एकदा नेमल्यावर त्याचा हात धरायचा नाही. न्यायमूर्ती ब्रेट कॅव्हनॉ यांनी मात्र गोंधळ टाळण्याचं तत्त्व पुढे केलं: निर्णय अटीतटीचा असेल तर ज्याने अनागोंदी माजेल तो अर्थ कशाला लावायचा?

६ जुलै २०२० ला चियाफालो विरुद्ध वॉशिंग्टन या खटल्याचा निकाल आला. नऊ विरुद्ध शून्य. मुख्य निकालपत्र एलेना केगन यांचं. नेमण्याच्या अधिकारात अट घालण्याचा अधिकार येतो, आणि अट मोडणाऱ्याला शिक्षा करण्याचाही. मत म्हटलं की स्वेच्छा आलीच असं नाही, दुसऱ्याच्या वतीनेही मत देता येतं. पहिल्या निवडणुकांपासून देशाचा रिवाज हाच आहे. क्लॅरेन्स थॉमस यांनी निष्कर्ष मान्य केला पण वाट वेगळी धरली. घटनेने जे राज्यांना नाकारलेलं नाही ते राज्यांकडेच राहतं, असं त्यांचं म्हणणं. केगन यांनी शेवट केला तो इथे आपण, म्हणजे लोक, राज्य करतो या अर्थाच्या वाक्याने.

हे शेवटचं वाक्य मला खटकतं. त्याच २०१६ मध्ये देशभरातली मतं मोजली तर क्लिंटन यांना ट्रम्पपेक्षा सुमारे २९ लाख जास्त होती. लोकच राज्य करतात म्हणायचं तर ते इलेक्टोरल कॉलेजच्या गळी उतरवणं कठीण आहे. आणि कोर्टाने इलेक्टरला सक्तीने बांधा असं कुठेही म्हटलेलं नाही. राज्याला बांधायचं असेल तर बांधू शकतं, इतकंच. निकालाच्या वेळी ३२ राज्यांत आणि वॉशिंग्टन डी.सी.त शब्द पाळण्याचे कायदे होते, पण त्यात शिक्षेची किंवा काढून टाकण्याची तरतूद असलेली राज्यं १५ च. जिथे कायदा नाही तिथला इलेक्टर आजही मोकळा आहे.

इलेक्टरला मोकळीक असावी असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा थोडक्यात असा. नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये जवळजवळ सहा आठवडे असतात. मधल्या काळात विजयी उमेदवार परक्या देशाकडून पैसे घेतो असं उघड झालं तर? कुणी तरी साखळी ओढणारा हवा. ऐकायला ठीक आहे. पण साखळी आजवर कुणी ओढायला पाहिली ते बघा. १९६० मध्ये मिसिसिपीत वर्णभेद टिकवू पाहणाऱ्या डेमोक्रॅटांनी कुठल्याच उमेदवाराला बांधील नसलेली यादी उभी केली. ती जिंकली, आणि तिथल्या आठही इलेक्टरांनी केनेडींना डावलून व्हर्जिनियाचे सिनेटर हॅरी बर्ड यांना मत दिलं. अलाबामातले सहा त्यांना मिळाले. अटीतटीच्या निवडणुकीत आपली मतं अडवून नागरी हक्कांच्या बाबतीत सौदा करायचा, हा हेतू. १९६८ मध्ये तिसरे उमेदवार, वर्णभेदाचे समर्थक जॉर्ज वॉलेस यांचाही डाव तोच होता. मोकळा इलेक्टर म्हणजे हॅमिल्टनच्या मनातला ऋषितुल्य माणूस असेलच असं नाही. सौद्याला बसलेला माणूसही असू शकतो.

तरी मिसिसिपीच्या त्या मंडळींबद्दल एक गोष्ट कबूल करावी लागते. हेतू घाणेरडा होता, पण लपवाछपवी नव्हती. आम्ही कुणालाच बांधील नाही असं सांगून त्यांनी मतं मागितली आणि मतदाराने ते जाणून दिली. २०१६ चे इलेक्टर हेतूने कितीही सज्जन असोत, त्यांनी मतदाराला हे विचारलं नव्हतं. मतपत्रिकेवर त्यांचं नाव नव्हतं. गावाकडची जमीन अमुक माणसाला विकायची म्हणून तुम्ही चुलतभावाला मुखत्यारपत्र दिलं, आणि त्याने ती तमुकला विकली, वर म्हणाला की तमुक माणूस जास्त चांगला आहे, तर तमुकच्या चांगुलपणाचा प्रश्नच येत नाही. इलेक्टरने विचार करायला माझी हरकत नाही. विचार करणार आहे हे त्याने आधी सांगितलं पाहिजे, आणि केल्यावर कुणाला तरी उत्तर दिलं पाहिजे. अमेरिकेतला इलेक्टर यातलं काहीच करत नाही. डिसेंबरच्या एका दुपारनंतर त्याचं पदच संपतं.

आपल्याकडचा राष्ट्रपतीही निर्वाचक मंडळच निवडतं, आणि तिथे मोकळीक पूर्ण आहे. निवडून आलेले खासदार-आमदार मतदार असतात. २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५ होतं. पक्षाला व्हिप काढता येत नाही, मतदान गुप्त. म्हणून तर १९६९ मध्ये इंदिरा गांधींनी सदसद्विवेकबुद्धीने मत द्या असं आवाहन केलं, काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी पडले आणि व्ही. व्ही. गिरी निवडून आले. त्या लढतीत तिसरे होते आपले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाचे उमेदवार. पहिल्या फेरीत कुणालाच कोटा गाठता आला नाही. देशमुखांच्या मतपत्रिकांवरच्या दुसऱ्या पसंतीतला मोठा वाटा रेड्डींकडे गेला, तरी गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निसटते जिंकले. २००७ मध्ये शिवसेनेने एनडीएत असूनही शेखावतांऐवजी प्रतिभाताई पाटलांना पाठिंबा दिला तो याच मोकळ्या रानात.

मग इथे चालतं ते तिथे का नको? कारण आमदार स्वतःच्या नावावर निवडून येतो आणि पाच वर्षांनी पुन्हा त्याच दारात जातो. गुप्त मतदानात त्याने नक्की काय केलं ते कळत नाही, तेव्हा आपल्याकडचं उत्तरदायित्वही पातळच आहे. पण राष्ट्रपती निवडणं हे त्याचं जोडकाम, आणि निवडलेला राष्ट्रपती बहुतांशी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो. अमेरिकेत या एका मतावर अणुबॉम्बची चावी कुणाकडे ते ठरतं.

या न्यायाने अमेरिकेत इलेक्टर नावाचा माणूसच काढून टाकावा, मतं आपोआप नोंदवावीत. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी १९६० च्या दशकात तशी घटनादुरुस्ती सुचवली होती, झाली नाही. १९५२ च्या एका खटल्यात न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी तर इलेक्टरांना पक्षाचे राजीखुशीचे हुजरे म्हटलं होतं. हुजऱ्याची गरज नसेल तर पगडी तरी कशाला ठेवायची?

पण एक जागा अशी आहे जिथे माणूस लागतो. १८७२ मध्ये युलिसिस ग्रँटविरुद्ध उभे राहिलेले होरेस ग्रीली मतदानानंतर, २९ नोव्हेंबरला वारले. इलेक्टर जमायला पाच दिवस होते. त्यांच्या नावाचे ६६ इलेक्टर. ६३ जणांनी मतं इतरांमध्ये वाटली. जॉर्जियातल्या तिघांनी मेलेल्या ग्रीलींनाच दिली, आणि काँग्रेसने ती मोजली नाहीत. ग्रीली हरलेलेच होते म्हणून निभावलं. इलेक्टरांनी मत दिल्यावर निवडून आलेला माणूस गेला तर काय, याची सोय १९३३ च्या विसाव्या घटनादुरुस्तीत आहे. त्याआधी गेला तर ती लागू होत नाही. काही राज्यांच्या कायद्यांनी अशा वेळी इलेक्टरला मोकळं केलं आहे, बाकीच्यांत तसं काही नाही. केगन यांनी तळटीपेत लिहिलं की मृत उमेदवाराला बांधून ठेवायची मुभा या निकालातून घेऊ नये. उमेदवार जिवंत आहे पण कोमात आहे, किंवा त्या सहा आठवड्यांत लाचखोरीत सापडला, याबद्दल त्या तळटीपेत शब्द नाही. ते राज्यांनी आपापल्या कायद्यात आधीच लिहून ठेवलं पाहिजे, डिसेंबरात इलेक्टरच्या मनावर सोडून चालणार नाही.